ओनोफ्रेकाकांच्या फळीवरचे बूट

सांता मारिया ला रिबेरा, मेक्सिको सिटी
गुरुवार, दुपारचे अडीच

वडिलांच्या जागी असलेल्या कासिमिरोदादास,

तुझ्या धाकट्या हर्मेलिंडाचा लांबूनच नमस्कार (गालाला गाल लावायला तू जवळ असायला हवास, ते तुला जमलेलं नाही). तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा त्यांना मानवते का? छाती भरून येते का? चालताना धाप लागते का? खरं खरं सांग, हे मी उगीच विचारत नाही. मी ठणठणीत आहे. रक्तदाब आहे, पण तो आता घरातलाच झालाय. सहा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, हे मी मनात ठेवलेलं नाही (कागदावर ठेवते आहे). माझा नवरा गेल्यावर नवव्या दिवशीच्या जेवणात तू चारचौघांत म्हणालास की मोलेचा रस्सा खाली लागलाय. मी म्हणाले, आईच्या मातीला ज्याला यायला जमलं नाही त्याने चवीच्या गोष्टी करू नयेत. तू टोपी उचललीस, एन्सेनाडाला परत गेलास आणि फोनचा नंबरसुद्धा बदललास. रस्सा लागला होता. झालं तुझं समाधान? तुझा पत्ता मला चोलेताईने दिला. तिला तू दर नाताळाला कार्ड पाठवतोस म्हणे. कोपऱ्यावर मक्याचे तामाले विकणाऱ्या बाईला कार्ड, आणि सख्ख्या बहिणीला ठेंगा. असो.

आपली गल्ली तुला आता ओळखू येणार नाही. जिथे आपण टोपलीत फडकं घालून गरम तोर्तिया आणायचो, तिथे कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक मिळतात (दादा, कुत्र्यांच्या! आपले वाढदिवस कुणी केले होते?). हार्डवेअरच्या दुकानात आता माणसं चटया टाकून ओळीने पडतात आणि एक मुलगी त्यांना श्वास घ्यायला सांगते. पूर्वी तिथे खिळे तोलून मिळायचे, आता श्वास मिळतो. आणि कॉफी! दर चार दारांआड कॉफी. कपाबरोबर एक कार्ड देतात, त्यावर त्या कॉफीची सोयरीक जुळवायची असावी तशी सगळी कुंडली असते: कुठल्या डोंगरावर जन्मली, कुणी वेचली, अंगाने कशी आहे. शेवटी लिहिलेलं असतं की घोट घेतल्यावर जर्दाळूची आठवण येते. मी अख्खा कप संपवला, मला फक्त ओनोफ्रेकाकांची आठवण आली. कारण ती कॉफी मी त्यांच्याच दुकानात बसून पीत होते.

ओनोफ्रेकाका फेब्रुवारीत गेले. बूट शिवता शिवताच गेले, तोंडात खिळे धरलेले तसेच होते, म्हणून पाद्रीबाबांना प्रार्थनेआधी ते काढून घ्यावे लागले. मी स्वतः मातीला होते, स्वतः मूठभर माती टाकली, हे नीट लक्षात ठेव, पुढे लागेल. त्यांच्या पुतण्याने दुकान इकेर नावाच्या एका दाढीवाल्याला दिलं. पोरगा वाईट नाही, फक्त श्रीमंत आहे. त्याने तिथे काहीही बदललं नाही. भिंतीचा पोपडा तसाच, बसायचा बुटका बाक तसाच, दारावरची 'बूटदुरुस्ती' ही पाटीसुद्धा तशीच. उलट जिथे पोपडा पडला नव्हता तिथे माणूस लावून पाडून घेतला. आणि मागच्या भिंतीवरची ती लांब फळी आठवते? दुरुस्त व्हायला आलेले आणि मालक परत न आलेले बूट? एकतीस जोड. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, नाव आणि काम. काकांनी आयुष्यात त्यातला एक कुणाला दिला नाही, की टाकला नाही. म्हणायचे, ज्याचे बूट त्याच्याच पायात जायचे, मग उशीर का होईना. इकेरने त्या फळीवर दिवे सोडले. लोक फोटो काढायला लागले.

मी भांडायलाच गेले होते. म्हटलं, ही मेलेल्या माणसाच्या घरातली भांडी आहेत का मांडून ठेवायला? तर तो म्हणाला, "आजी, ही या वस्तीची स्मृती आहे."

"आजी असेल तुझी आई," मी म्हटलं. "आणि स्मृतीला बुरशी आलीय, ती आधी पूस."

तो हसला, मला कॉफी दिली, आणि विचारलं की चिठ्ठ्यांवरची ही माणसं कोण ते मला माहीत आहे का. माहीत! दादा, मला कोणाला काय माहीत आहे असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती. रोज सकाळी मी एका जोडाची गोष्ट सांगायची, त्याने ती लिहून खाली लावायची, असं ठरलं. अर्ध्या गोष्टी खऱ्या होत्या. (दातांच्या डॉक्टरांचं एका नटीशी काही नव्हतं. पण त्यांच्या तपकिरी बुटांना काहीतरी द्यायला हवं होतं.)

तिसऱ्या आठवड्यात चाबेलाचे रुपेरी नाचाचे बूट फळीवरून गेले. मधे रिकामी जागा, धुळीत दोन पावलांचे ठसे, आणि चिठ्ठी तेवढी राहिलेली. इकेर म्हणाला चोरी. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दिले', आणि खाली एक रेघ. काका असंच लिहायचे, गिऱ्हाईक बूट घेऊन गेलं की. अक्षर त्यांचंच, तो लंगडा 'द'सुद्धा. मला वाटलं, जुनी चिठ्ठी असेल. पाच दिवसांनी केरेतारोहून चाबेलाच्या मुलीचा निरोप आला. दादा, हे तुला असं मधेच सांगावं लागतंय, माफ कर: चाबेला गेली. ज्या दिवशी बूट गेले त्याच दिवशी, सकाळी. मुलगी म्हणाली, शेवटी आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू कुणीतरी हात पुढे केलाय.

मग ट्राम चालवणाऱ्या तिबुर्सिओचे लांब बूट गेले. तो भाडं परवडेना म्हणून एकातेपेकला राहायला गेला होता, तिथेच गेला, त्याच दिवशी. मग दातांच्या डॉक्टरांचे तपकिरी, आणि डॉक्टरही (मला त्या नटीच्या थापेबद्दल फार वाईट वाटलं). तिघांच्या चिठ्ठ्यांवर 'दिले' आणि रेघ. फळीवर उरलेले बूट मी हातात घेऊन पाहू लागले, तर दोन-तीन जोडांना नवे तळवे लागलेले, शिवण पांढरी स्वच्छ, मेणाचा वास ताजा. आणि दुपारी तीनच्या सुमाराला, दुकान रिकामं असताना, कॉफीचं यंत्र बंद असताना, ठक ठक ठक. मग थांबायचं, तोंडातून खिळा काढायला माणसाला जितका वेळ लागतो तितकंच. मग पुन्हा ठक. इकेर म्हणाला पाइप असतील. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाला, वा, या कॉफीत चामडं आहे, आणि मागून हलकासा डिंक. इकेरने ते लगेच फळ्यावर लिहिलं आणि कॉफी महाग केली. मी मात्र माझा कप तसाच ठेवून उठले.

चोलेताईला मी अंड्याने दृष्ट काढायला घेऊन गेले. ती दारातून आत आली, फळीसमोर उभी राहिली, अंडं परत पिशवीत ठेवलं. मला म्हणाली, "काय दृष्ट काढू गं? माणूस आपलं काम करतोय. तुम्ही लोक बूट टाकून निघून गेलात, त्याचं काम राहिलं." मग तिने तेच अंडं घरी नेऊन उकडून खाल्लं. मला हे तेव्हा फार बेफिकीर वाटलं होतं.

इकेरला कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. त्याने पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून स्वतःचे फाटके कापडी बूट फळीवर ठेवले होते, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून. एका सकाळी मी गेले तर तो बाकावर बसलेला, दाढीच्या आत पांढराफटक. डाव्या बुटाची फाट शिवलेली होती. "आजी," तो म्हणाला, आणि यावेळी मी ते चालवून घेतलं, "उजव्याला टाके घालायला सुरुवात झालीय." मी म्हटलं, मूर्खा, तुझे आहेत ना? मग उतरव आणि घाल. त्याने घातले, नाडी बांधली. आम्ही दोघांनी चिठ्ठी उलटवली. 'दिले', रेघ. याला तीन आठवडे झाले, पोरगा धडधाकट आहे, दोन किलो वाढलाय. फक्त ते बूट काढत नाही, झोपतोही त्यातच म्हणे. तर असं आहे, दादा. मालक आपल्या पायांनी येऊन घेऊन गेला तर काकांचं काही म्हणणं नसतं. तो आला नाही, तर मात्र ते काम पुरं करतात आणि पोहोचवतात.

त्याच दिवशी मी स्टुलावर चढले आणि फळीचं वरचं टोक, जिथे इकेरने कॉफीची पोती रचली होती, तिथलं सगळं खाली काढलं. शेवटचा जोड काळा-पांढरा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कासिमिरो चासारो, दोन्ही टाचा, शनिवारपर्यंत.

बावीस वर्षं. तू शुक्रवारीच निघून गेलास, त्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. आणि शनिवारी संध्याकाळी, मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं, बागेतल्या मंडपाखाली चाबेला दान्सोनचा नाच संपेपर्यंत उभी होती. कुणी हात पुढे केला तर म्हणायची, माझा जोडीदार यायचाय. मला तेव्हा राग आला होता तुझा. आता राग नाही. आता मला भीती वाटते.

इकेरने बूट मला न विचारता पिशवीत घालून दिले. म्हणाला, सगळेच घेऊन जा. मी तुझेच आणले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली त्या मरणदेवी सांता मुएर्तेच्या नव्हे, आपल्या ग्वादालूपेच्या मेरीमातेच्या पायाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कपाटातून ठक ठक ठक. संध्याकाळी उघडलं तर डाव्या बुटाला नवी टाच, सात खिळे, गोलाकार, काकांच्या हातचे. उजव्याला अजून काही नाही.

मग मला आठवलं, काकांना कुणी समोर बसून बोलत असेल तर काम करताच यायचं नाही. हातोडी खाली ठेवून ऐकत बसायचे. आई मला म्हणायची, तू जाऊ नकोस त्या दुकानात, त्या बिचाऱ्याचे बूट होत नाहीत. तेव्हापासून, दादा, रोज दुपारी तीन ते पाच मी तुझा उजवा बूट मांडीवर घेऊन बसते आणि बोलते. कुत्र्यांच्या केकबद्दल बोलते. रक्तदाबाबद्दल बोलते. तुझ्याबद्दल तर फारच बोलते, त्यातलं चांगलं थोडंच आहे. एकोणीस दिवस झाले, एक ठक ऐकू आलेलं नाही. कधी कधी मला वाटतं, समोरच्या खुर्चीवर कुणीतरी मान हलवतंय. लहानपणापासून तू म्हणत आलास की हर्मेलिंडाचं तोंड कधी बंद होत नाही. बघ, कुणाच्या कामाला आलं.

माझं ऐकायचंच असं काही नाही. तुझं आयुष्य तुझं आहे. चोलेताईचा नमस्कार, इकेरचाही.

तुझीच, कागदावर का होईना, पाठची
हर्मेलिंडा

ता. क. मी तुला बोलावते आहे असं समजू नकोस. सहा वर्षं जो आला नाही त्याला मी कशाला बोलावू? पण सहज या बाजूला आलास, तर येताना पायमोजे पातळ आण. त्या काळी तुझे पाय बारीक होते.

आणखी एक. खोली झाडून ठेवली आहे. बस दोन दिवसांची आहे, गुडघे अवघडतील, तर मधे मधे उतरून चालत जा. विमानाने आलास तर बरंच. रस्सा मी करणार नाही, चोलेताई करेल.

आणि आणखी. माझा घसा बसलाय. परवा चोलेताईला माझ्या जागी बसवलं, तर ती दहा मिनिटांत घोरायला लागली. इकेर बसायला तयार आहे, पण तो कॉफीशिवाय दुसऱ्या कशावर बोलू शकत नाही, आणि काकांना कॉफी कधीच आवडायची नाही.

आणि हे आत्ताच. घड्याळात चार वाजून गेलेत. दादा, अडीचपासून मी लिहितेय, तीन कधी वाजले कळलंच नाही. लिहिताना माणूस बोलत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि ठक ठकही कानावर आलं नाही. बूट माझ्या मांडीवरच आहे, मी आत्ता उलटा करून पाहिला. टाच बसवलीय आणि पाच खिळे आत गेलेत. मी मोठमोठ्याने बोलत बोलतच या शेवटच्या ओळी लिहिते आहे, इकेर पत्र घेऊन पोस्टात धावायला दारातच उभा आहे. उत्तर लिहीत बसू नकोस. निघ.