सूनबाईचे आठ जीबी

४ मार्च २००१, विश्रांतवाडी

लग्न होऊन या घरात आले त्याला आठवडा झाला आणि माहेरचा आहेर, माझा कॉम्प्युटर, एकदाचा हॉलमध्ये स्थानापन्न झाला. मी घरी बसून जाहिराती डिझाइन करणार, ही बातमी सासूबाईंनी कॉलनीभर केलीच आहे. वीस जीबीची हार्ड डिस्क! भांडणं नकोत म्हणून मी तिचे भाग पाडले आणि प्रत्येक ड्राइव्हला घरातल्या एकेकाचं नाव दिलं. सासूबाईंना आणि सासऱ्यांना दोन-दोन, नवऱ्याला म्हणजे राजसला सहा, कामासाठी मला आठ. उरलेले दोन विंडोजचे. सासूबाई म्हणाल्या, सूनबाईंना वाढायला शिकवायला नको, पहिलं पान स्वतःचंच वाढतात. मग मला कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावून त्यांनी डिस्कला हळदकुंकू वाहिलं आणि गणपतीची करतात तशी चक्क प्राणप्रतिष्ठा केली, एकेका ड्राइव्हचं नाव घेऊन अक्षता टाकत. मला हसू आवरेना.

९ मार्च

विंडोजला जागा पुरेना. सासरे कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून त्यांचा ड्राइव्ह निम्मा केला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. माऊसने रेघ कशी सरकवायची, एकाची जागा दुसऱ्याला कशी द्यायची, हे त्यांनाही शिकवलं. मोकळी केलेली जागा मात्र डिस्क खराब दाखवते आहे.

संध्याकाळी फोन आला. मंडईसमोर टेम्पो सासऱ्यांच्या अंगावरून गेला. दोन्ही पाय मांडीपासून तुटलेत.

११ मार्च

ड्राइव्ह निम्मा केला आणि त्याच संध्याकाळी सासऱ्यांचे पाय गेले, हे राजसला सांगितलं. शिकलीसवरलेली बाई तू, म्हणून त्याने मला वेड्यात काढलं आणि माझी भीती घालवायला स्वतःच्या ड्राइव्हमधला एक जीबी कमी केला. हसत उठला, तोच छताचा पंखा निखळला. पातं खांद्यात घुसलं. उजवा हात फरशीवर पडला, बोटं हलत होती. कीबोर्डवर रक्त, भिंतीवर रक्त. मी नुसती किंचाळत होते.

१२ मार्च

रक्त थांबत नाही, राजस हाती लागणं कठीण आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्याची गेलेली जागाही खराब, परत जोडता येत नाही. शेवटी माझ्या ड्राइव्हमधली चिमूटभर जागा त्याच्या ड्राइव्हला दिली. दार आपटलं — माझी करंगळी चौकटीत तुटून पडली.

लगेच हॉस्पिटलमधून फोन. रक्त थांबलं. खांद्याला नवं मांस धरतंय, डॉक्टर चक्रावलेत. फोन सासूबाईंनी घेतला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

१३ मार्च

राजस पुन्हा खालावलाय. सासूबाईंनी मला बेडरूममध्ये कोंडलंय. खूप ओरडले, दार लाथाडलं —

बाहेर माऊसची टिकटिक. मीच शिकवलं.

दाराआडून शांतपणे सांगतायत. रागावू नकोस म्हणे. सगळं घेणार नाहीत. मला दोन ठेवणार, मी त्यांना दिले तेवढेच. दोनात त्यांचं कुठे काय अडलं —

कपाटाचा आरसा फुटून अंगावर आला. डावा पाय — गुडघ्यापासून — ओढणी बांधलीय, भिजून गेली —

आई, थांबा. तो जगावा असं मलाही —

पुन्हा टिकटिक —

मी स्वतःहून दिले असते हो. नुसतं विचारलं अस