डुकराच्या चरबीतले मासे आणि आईची निवडणूक

क्लोटील आत्यास, ऑरेलीचा उसाच्या शेताच्या अलीकडून नमस्कार.

आधीच माफी मागून ठेवते. शुद्धलेखन माझं कधीच धड नव्हतं, आणि शाळा सोडल्यापासून तर ते पार मोकाट सुटलंय. पंपावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करतेय. मधेच कुणी सँडविच मागितलं की उठावं लागतं, त्यामुळे कुठे वाक्य अर्धवट दिसलं तर समज, तिथे गिऱ्हाईक आलं होतं. तुझा गुडघा कसा आहे? (दिसतं मला खिडकीतून. कोंबड्यांना दाणे टाकताना डावा पाय ओढतेस. पण विचारायची रीत असते.) अंजिराला यंदा फळ धरलंय का? बाबा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेलेत, ईस्टरला येतील. तुझं आणि आईचं बिनसल्यापासून ते घरी आले की एक दिवस तुझ्याकडे जेवतात, एक दिवस आमच्याकडे, आणि दोन्हीकडे जेवण बरं होतं एवढंच बोलतात.

तर आईच्या निवडणुकीचं. तू म्हणशील मला सगळं माहितीय, गावात काय लपतं. पण ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी वर दोन मुठी तिखट टाकलं असणार, म्हणून मी बिनतिखटाचं सांगते. आई त्यांच्याच हाताखालची पोलीस असून पोलीस चीफच्या जागेसाठी चीफ व्हर्जिलच्या विरुद्ध उभी राहिली ती काही त्यांच्यावर राग म्हणून नाही. चीफ चांगलेच आहेत, सगळ्यांना आवडतात, आणि हीच तर अडचण आहे. आईने कुणाची दंडाची पावती फाडली की तो माणूस दुसऱ्या दिवशी चीफच्या अंगणात जाऊन बसतो, चीफ म्हणतात बरं बघू, आणि पावती गायब. रुळांपलीकडच्या काळ्या वस्तीतली माणसं मात्र चीफच्या अंगणात बसत नाहीत, म्हणून त्यांच्या पावत्या राहतात. आईचं म्हणणं, एकतर सगळ्यांच्या ठेवा नाहीतर सगळ्यांच्या सोडा. चीफ हसले आणि म्हणाले, ओडिल, मग तू चीफ हो. त्यांनी गंमत केली होती. आईने दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. (आईला गंमत कळत नाही असं नाही, उशिरा कळते.)

आता हरली तर त्यांच्याच ठाण्यात त्यांच्याच हाताखाली कशी बसणार? तिने शहरातल्या तुरुंगात नोकरी बघून ठेवलीय. म्हणजे मलाही शहरात जावं लागेल. तिथे मी कुणालाच ओळखत नाही आणि नवीन माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुला माहितीय. म्हणून मी हे सगळं एवढं मनावर घेतलंय. नाहीतर कोण चीफ झालं तरी मला सँडविचच करायची आहेत.

आपल्याकडे दारात जाऊन मागितल्याशिवाय मत मिळत नाही. फलक लावा, पत्रकं वाटा, माणूस म्हणतो, छान आहे, पण मला विचारलं कुठे? म्हणून आई पहिल्या दिवशी निघाली, आणि सवयीने युनिफॉर्म घालूनच निघाली. पहिलंच घर मिस्टर रोमेरोंचं. आईने पुढचं दार वाजवलं आणि मिस्टर रोमेरो मागच्या दाराने पळाले. बरं, पळणारा दिसला की आईचे पाय आपोआप चालतात. तिने त्यांना उसात गाठलं, कॉलरला धरलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मत मागायला आलोय. तिने तिथेच मागितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. (ते का पळाले हे त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणाले, पोलीस दारात आला की आधी पळायचं, कारण नंतर आठवतं.) एलमो मामा आईचा प्रचारप्रमुख, त्याने डोक्याला हात लावला. त्याने ठरवलं की युनिफॉर्म बंद आणि सोबत ऑरेली. बाई एकटी आली तर छापा वाटतो, मुलीला घेऊन आली तर पाहुणी वाटते.

तेव्हापासून मी पाहुणी आहे. माझं काम म्हणजे शेजारी बसायचं आणि कॉफी प्यायची. आईला पित्त, आणि कुणाकडची कॉफी नाकारली तर ते घर गेलंच, म्हणून ती कप हातात घेते, तोंडाला लावते आणि घरचे साखर आणायला वळले की माझ्या कपात ओतते. आपल्या गावची कॉफी कशी असते, चमचा उभा राहतो. मी रोज आठ-दहा घरांची दुप्पट कॉफी प्यायचे. डोळे घुबडासारखे झाले. मिसेस वेबरने आईला बाजूला घेऊन विचारलं की मुलीला काही दुखणं आहे का, आणि त्या दयेपोटी मत दिलं असावं असा मामाचा अंदाज आहे.

आता माशांचं सांगते, कारण त्याचाच सगळ्यात जास्त विपर्यास झालाय. शुक्रवारी चर्चच्या मागे मामाने सगळ्या गावाला मासे तळून घालायचं ठरवलं. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून मासे. इथपर्यंत त्याचं डोकं चाललं. पण तळले कशात, तर हिवाळ्यात घरचं डुक्कर कापलं होतं त्याच्या चरबीत. त्याचे वडील त्यातच तळायचे, त्यांचे वडीलही. रांग पार रस्त्यापर्यंत. चीफ व्हर्जिलसुद्धा ताट घेऊन रांगेत, कारण विरोधकाकडचं न खाणं वाईट दिसतं. सगळे खाताहेत, आईची स्तुती चाललीय, आणि तेवढ्यात तुझी मैत्रीण मिस पर्ल (मी तिला काही बोलत नाही, ती सहज बोलली असेल) म्हणाली, काय खमंग झालेत, तेल कुठलं गं, ओडिल?

मामा आईकडे बघून मान हलवत होता, नको नको. मी पण मनातल्या मनात नको नको म्हणत होते. आई म्हणाली, तेल नाही, डुकराची चरबी.

आत्या, अशी शांतता मी फक्त शाळेत फळ्यापाशी उभी असताना ऐकलीय. तोंडातला घास गिळावा की काढावा हे कुणाला कळेना. मिस पर्लने तिचा घास रुमालात काढला. मामा म्हणाला, अगं सांगायची काय गरज होती? आई म्हणाली, तिने विचारलं. मग फादर मुटॉनना शोधलं, तर ते झाडामागे दुसरं ताट संपवत होते. लोकांनी त्यांना गराडा घातला, चरबी म्हणजे मांस का हो फादर? फादर म्हणाले, मांस म्हणजे मांस, चरबीचा प्रश्न वेगळा आहे, बारकाईने बघावं लागेल. आणि बारकाईने बघायला त्यांनी आणखी एक तुकडा उचलला. तोवर गावाचे दोन तट पडले होते, चरबीवाले आणि तेलवाले. पोलीस, पावत्या, निवडणूक कुणाच्या डोक्यात नाही. दोन म्हातारे एकमेकांच्या आज्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले. फादर म्हणाले बिशपना पत्र लिहून विचारतो. त्यावर चीफ म्हणाले, फादर, उत्तर येईपर्यंत मासे थंड होतील, आणि ते आईसमोर ताट धरून उभे राहिले.

"वाढ, ओडिल," ते म्हणाले. "निवडणूक तू हरशील. पण तुझ्या हातचं मी डोळे मिटून खाईन, कारण आत काय आहे ते तू सांगतेस."

अर्धे जेवले, अर्धे निघून गेले. मामा रात्रभर म्हणत होता, मतदाराची पावती फाडणारी आणि मतदाराचा उपवास मोडणारी बाई कुठे निवडून येते का? तरी बघ, मतदानाच्या पहिल्या शनिवारी तिघा उमेदवारांत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, तिसरा, तो टायरवाला, बाहेर, आणि आता आई आणि चीफ यांच्यात पुन्हा मतदान. चीफ पुढे आहेत, पण थोडेच. मामा म्हणतो, चरबीवाल्यांनी तारलं. मला वाटतं तेलवाल्यांपैकीही काही असतील. घरी जाऊन त्यांनी विचार केला असेल, की जी बाई माशाबद्दल खोटं बोलत नाही ती बाकी कशाबद्दल बोलेल.

मागच्या आठवड्यात आम्ही रुळांपलीकडे मिस अल्झेनाकडे गेलो. तुला ती माहितीय, शाळेत स्वयंपाक करायची, ऐंशीच्या पुढची. आम्ही बसलो, कॉफी आली, आणि आईचा रेडिओ वाजला की हायवेवर गाय बसलीय. आई म्हणाली आलेच, आणि मला तिथे टाकून गेली. मिस अल्झेना माझ्याकडे बघतेय, मी कपात बघतेय. कप संपला, तिने भरला. पुन्हा संपला, पुन्हा भरला. शेवटी मी कशीबशी म्हणाले, "मत."

ती हसली नाही. म्हणाली, "कुठल्या गोष्टीचं?"

मी पुन्हा कपात. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि आपणहून सांगितलं. तिच्या लहानपणी या बाजूला चीफ यायचा तो कुणाला तरी घेऊन जायलाच. दार वाजवायचा नाही, लाथ मारायचा. तिचे वडील मत द्यायला गेले की त्यांना काहीतरी कारण काढून परत पाठवायचे. मग एका वर्षी त्यांना मत देता आलं, आणि त्याच्या पुढच्या निवडणुकीत चीफ त्याच अंगणात आला, टोपी हातात धरून.

"त्याचं मन बदललं असं नाही गं," ती म्हणाली. "पण मत असं असतं, पोरी, त्या मताने चीफला दार वाजवायला शिकवलं. जो माझ्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायलाय, तो माझं दार फोडताना एकदा तरी थांबेल. शहरात वरून नेमलेला साहेब येतो म्हणे, खूप शिकलेला. असेल. माझी कॉफी प्यायलाय का तो?"

मी मान हलवली, नाही. मग ती म्हणाली, "हं. आता माग. पूर्ण वाक्य बोल."

आत्या, मी बोलले. "मिस अल्झेना, माझ्या आईला मत द्याल का?" एवढंच, पण आवाज माझाच होता आणि शेवटपर्यंत आला. ती म्हणाली, देईन की नाही ते सांगणार नाही, ते गुप्त असतं, पण मागितलंस म्हणून विचार करीन. आणि मला दाराशी सोडताना म्हणाली, तुमचं कुणाकडे मागायचं राहिलंय का? मी म्हणाले नाही, सगळं गाव झालं. परतताना आईच्या गाडीत बसल्यावर मला कळलं की मी खोटं बोलले. आई आमच्या वळणाच्या आधी गाडी हळू करते, एका फाटकाकडे बघते, म्हणते उद्या, आणि पुढे जाते. रोज करते.

बाकी सगळं ठीक. या पत्रात काही काम नाही, सहज लिहिलं. कोंबड्यांना विचारलं म्हणून सांग.

तुझी,
ऑरेली

ता.क. काम आहे. ते फाटक तुझं आहे. गेल्या वर्षी तू रुळांपाशी 'थांबा'च्या पाटीला न थांबता चर्चकडे गेलीस आणि आईने अख्ख्या गावासमोर तुझी पावती फाडली. तुझ्या गाडीत गम्बोच्या रश्श्याचं पातेलं मांडीवर घेऊन मीच बसले होते. गम्बो थंड झाला आणि तेव्हापासून तुम्ही दोघीही. मला वाटतं आईला वाटतं, आता मत मागायला गेले तर क्लोटील म्हणेल पावतीची माफी मागायला आली. म्हणून मीच मागते. क्लोटील आत्या, माझ्या आईला मत देशील का?

ता.क. २. पावती राहणार. आईने आधीच सांगून ठेवलंय, निवडून आली तरी राहणार. तू थांबली नव्हतीस हे मी पण बघितलं. तरी मागते.

ता.क. ३. आई तुझ्याकडे येईल असं मला वाटतंय, कारण आज ती वळणावर 'उद्या' म्हणाली नाही, नुसतीच गप्प बसली. आली तर तिला कॉफी देऊ नकोस, तिला पित्त आहे. तसं मी तिच्यासोबत येईनच. माझी जरा पातळ कर.

ता.क. ४. आत्ताच पंपावर कळलं की चर्चच्या घंटेत मधमाश्यांनी पोळं केलंय. रविवारी घंटा वाजणार नाही. फादर म्हणतात, आपलं आपण या.