कुरुंद्याचा गुलाबी छद

३ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६.

आजची तारीख नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी हक्क सांगायला आलंच तर पुरावा हवा.

कुरुंद्याला रामकिशनच्या शेतावर गेलो होतो. रामकिशन माझा जुना विद्यार्थी. बी.एस्सी.ला बॉटनीत दोनदा नापास, आता घरची हळद करतो आणि माझ्यापेक्षा जाड झालाय. बांधावर उभा राहून त्याच्या आईच्या हातचा चहा पीत होतो. समोरच्या रांगेत हळदीचे दांडे वर आलेले. सगळ्यांचे शेंडे पांढरट हिरवे आणि एकाचा गुलाबी. चक्क गुलाबी.

रामकिशन म्हणाला, फूल चांगलं हाय न सर. मी म्हणालो, ते फूल नाही, तो छद. म्हणजे फुलासोबतचं पान. रंगीत होऊन मिरवतं ते पान, आणि खरं फूल पिवळं, एवढंसं, खाली खोबणीत दडलेलं. तो म्हणाला, व्हय, फुलच. डोकं फिरतं. कॉलेजच्या गेटवर बोगनवेलीपाशी पोरी सेल्फी काढतात, त्यांनाही मी थांबून सांगतो की तुमच्या मागे आहेत ती पानं आहेत. हल्ली मी दिसलो की त्या जागा बदलतात.

हळदीची नवी जात! चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. दरवर्षी नव्याने अर्ज, दरवर्षी नव्याने ऑर्डर, आणि उन्हाळ्यात घरी. आता कुठे बॉटनीची एक कायम जागा निघाली आहे. १६ ऑक्टोबरला इंटरव्ह्यू. बघतोच आता कोण अडवतं ते.

रामकिशन मध्येच, सर, आत मधी बी, असं काहीतरी सुरू करत होता. त्याला थांबवलं. दोनदा नापास उगीच नाही झाला.

कोणालाही सांगायचं नाही.

४ सप्टेंबर

फक्त चौघांना सांगितलं. शिवाय विजयाला. बायकोपासून काय लपवायचं. ती पोस्टात निघाली होती, डबा भरत होती. म्हणाली, बरं झालं, येताना कोथिंबीर आणा.

संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) रोज शोधनिबंधाचं एक पान. ३) स्टाफरूममध्ये कोणाशी वाद नाही.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन, म्हणून ८.४० पर्यंत झोपलो. कायम नोकरीवाल्यांचे सत्कार झाले. आम्हा तासिकावाल्यांना एकत्र एक गुच्छ. गुच्छात बोगनवेल होती. सूत्रसंचालकाने तिला फूल म्हटलं, मी जागेवरूनच दुरुस्ती केली. संकल्प ३ मोडला असं म्हणता येणार नाही. वाद सभागृहात झाला, स्टाफरूममध्ये नाही.

७ सप्टेंबर

अपर्णा आली होती. माझीच विद्यार्थिनी. मीच तिला पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलं. आता पीएच.डी., नांदेडला तासिकेवर आहे, आणि त्याच जागेसाठी तिनेही अर्ज केलाय. वाकून नमस्कार केला. तोंडावर नमस्कार, पाठीमागे अर्ज.

ती हळदीच्या छदांवर कोणते किडे येतात ते मोजतेय म्हणे. म्हणाली, सर, तुम्ही या ना सोबत, दोघांच्या नावाने पेपर करू, इंटरव्ह्यूच्या आत छापून येईल. नाव कोणाचं आधी, विचारलं. काम तिचं असल्याने तिचं आधी. मी हसलो. मुंग्या मोजायला माझ्याकडे वेळ नाही.

माझा शोध मोघम सांगितला. जागा सांगितली नाही. फक्त कुरुंदा, रामकिशनचं शेत, पूर्वेचा बांध एवढंच बोललो. ती गप्प झाली. मत्सर लगेच दिसतो माणसाच्या तोंडावर. मग हळूच म्हणाली, सर, उद्याच तो दांडा काढून हर्बेरियमसाठी दाबून ठेवा, आणि शेतातले अजून वीस-पंचवीस सोबत घ्या, तुलनेला.

हर्बेरियम! वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, कागदावर शिवायचं हे पहिल्या वर्षाच्या पोरांना दरसाल मी शिकवतो, आणि ही मला शिकवते.

१० सप्टेंबर, रविवार

दाबायचा मुळीच नाही. माझ्याकडे मोठी योजना आहे.

आपल्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या मातोश्री कै. रुख्मिणीबाई. जातीचं नाव ठेवायचं ‘रुख्मिणी हळद’. अध्यक्षसाहेबांना शेतावर आणायचं, चांदीच्या ताटातून कात्री द्यायची, आणि त्यांच्या हस्ते पहिला दांडा कापायचा. फोटो. बातमी. मग इंटरव्ह्यूत कोण विचारणार आहे पीएच.डी. कुठाय म्हणून?

कुरुंद्याला जाऊन बंदोबस्त केला. हे लोक हळदीचे दांडे दिसले की मोडून टाकतात, खाली कंद चांगला पोसतो म्हणून. रामकिशनच्या आईला, सत्यभामाबाईंना, बांधावरूनच समजावलं. (आत चिखल होता. बूट नवे.) म्हणालो, आजी, हा लाखात एक आहे. याला मीसुद्धा हात लावत नाही. एकही दांडा मोडायचा नाही, साहेब येणार आहेत. म्हातारी हात जोडून म्हणाली, तुमी काळजी करू नका गुरुजी, जिवापाड जपते म्या. डोळे भरून आले होते तिचे. शिकलेल्यांपेक्षा ही माणसं बरी.

१४ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. निबंधाचं काम जोरात. शीर्षक झालं. ऋणनिर्देश झाला, अडीच पानं. ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांचीही यादी केली, ती चार पानांची झाली. मुख्य मजकूर तेवढा राहिला.

फोटो बघितले. नऊपैकी आठांत माझं बोट आहे. नववा सेल्फी. चांगला आलाय, पण मोबाईलच्या कुठल्याशा सेटिंगने सगळंच गुलाबी केलंय. माझे गालसुद्धा.

विजयाने विचारलं, खरंच नवीन आहे का ते? खात्री केली का कोणाकडून? मी जेवणावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो. ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मी चौदा वर्षं ऐकतोय.

१८ सप्टेंबर

अध्यक्षसाहेब तयार! त्यांचे पीए सोनाजी म्हणाले, आईचं नाव ऐकून साहेबांनी लगेच डायरी उघडली. २४ तारीख, रविवार, सकाळी ९. दोन उद्घाटनांच्या मध्ये वीस मिनिटं.

बॅनर छापायला टाकला. मातोश्रींचा फोटो मोठा, माझा लहान. (फार लहान नाही.)

२२ सप्टेंबर

घरी महालक्ष्म्या. विजया पहाटेपासून सोळा भाज्यांत. तिने केळीची पानं आणायला सांगितलं होतं, पण माझं भाषण तयार व्हायचं होतं. तीच जाऊन आली. आरतीला उभा राहिलो, मनात भाषणच चालू. ‘वनस्पतीला माता मानणाऱ्या या भूमीत’ इथे टाळ्या येतील.

देवीसमोर मागितलं, एवढी ऑर्डर मिळू दे. विजयाने काय मागितलं ते तिने सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार. दुपारी २

सकाळी सातलाच पोचलो. बॅनर बांधला. ताट पुसलं. मग दांड्याकडे बघितलं.

दांडा नव्हता. बुडख्यापासून स्वच्छ कापलेला.

सत्यभामाबाई चहा घेऊन हसतमुखाने आली. विचारलं तर म्हणाली, महालक्ष्मीला वाहिला की गुरुजी! तुमीच म्हणले लाखात एक हाय. मंग अशी चीज माणसानं तोडावी व्हय? म्या आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं जाऊन काढला. साहेबाला बी परसाद भेटंल.

मी विचारलं, आता तो कुठाय? म्हणाली, काल लक्ष्म्या उठल्या, निर्माल्य सोडलं वढ्यात.

मी मोठ्याने बोललो. बरंच बोललो. अडाणी म्हणालो. रामकिशनने आईला मागे घेतलं आणि म्हणाला, सर, माय हाय माझी. त्याचं ते तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं.

नऊला साहेब आले. बांधावर बॅनर, बॅनरवर मातोश्री, आणि बॅनरखाली कापलेला एक खुंट. साहेबांनी खुंटाकडे बघितलं, आईच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, हे काय आहे? मी छद म्हणजे काय इथून सुरुवात केली. ते चौथ्या मिनिटाला गाडीत होते. सोनाजी जाता जाता म्हणाला, सर, साहेबांच्या मातोश्रीची थट्टा करून राहिले का तुमी?

चहा कोणीच घेतला नाही.

२५ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. कंद तर जमिनीतच आहे. पुढच्या वर्षी परत येईल. विज्ञान घाईचं नसतं. अध्यक्षसाहेबांना सविस्तर पत्र लिहिलं, सात पानं. पहिली तीन छदांवर.

५ ऑक्टोबर

उत्तर नाही. पत्र पोचलं असणार. विजयाच्याच पोस्टातून टाकलं. तिला विचारलं, तर म्हणाली, पोचलं असेल, तेच वाईट झालं.

१६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी

इंटरव्ह्यू उत्तम झाला.

तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाई परभणीकडच्या, साध्या, चष्मा दोरीला बांधलेला. म्हणाल्या, नवीन जातीबद्दल लिहिलंय, नमुना दाखवा. मी म्हणालो, देवकार्यात गेला. त्यांनी ते लिहून घेतलं. फोटो मागितला. सेल्फी दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, यात छद कोणता?

मग विचारलं, त्या शेतातली एकूण किती झाडं तपासलीत? मी म्हणालो, एकच, पण बारकाईने. अध्यक्षसाहेब खिडकीबाहेर बघत होते. कोणी काही विचारेना तेव्हा मीच बोगनवेलीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, छान शिकवता तुम्ही.

एकूण अकरा मिनिटं. अपर्णा आत पन्नास मिनिटं होती. माणसाला उत्तरं येत नसली की वेळ लागतो.

१९ ऑक्टोबर

अपर्णा.

बातमी शिपायाकडून कळली. त्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, जसं घरातलं कोणी गेल्याचं सांगतात.

लागेबांधे असणार. कोणाचे, ते शोधून काढीन. चौदा वर्षं! हिच्या जर्नलवर सह्या मी केल्या. हिला छद हा शब्द माझ्या तोंडून कळला. मला राग येतोय, आणि कोणावर काढू ते सापडत नाही. विजयाने ताट वाढलं. म्हणाली, जेवा. तिचा आवाज चिडका असता तर बरं झालं असतं.

संकल्प: या कॉलेजात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५

कंद घ्यायला कुरुंद्याला गेलो. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाला दाखवीन, हा विचार.

रामकिशन नव्हता. सत्यभामाबाई होती. मला वाटलं हाकलून देईल. तिने पाणी दिलं. म्हणाली, गुरुजी, तुमचं नुकसान झालं माझ्या हातानं, मला झोप न्हाई. मी म्हणालो, जाऊ द्या. तर म्हणाली, काहून जाऊ द्या? जोडा काढा अन् या माझ्या मागं.

पँट दुमडली. चिखलात उतरलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा हळदीच्या आत. पानं छातीला लागत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. दहा-बारा सऱ्या गेल्यावर ती थांबली आणि दोन्ही हातांनी पानं बाजूला केली.

गुलाबी. या बाजूला, त्या बाजूला, पार विहिरीपर्यंत. काही कोमेजलेले, काही ताजे. मी अठ्ठावीसपर्यंत मोजले.

ती म्हणाली, दरसाल येतात असे, पाणथळ भागात. आमी रंग धरला न धरला की मोडतो. औंदा तुमी म्हणले एकबी मोडू नका, तर कुणालाच हात लावू दिला न्हाई. घ्या किती पायजेत ते. विचारलं, मग आधी सांगितलं का नाही? म्हणाली, तुमी एवढे शिकलेले, तुमी म्हणले लाखात एक, तर आमाला वाटलं त्यो येगळा असंल.

दांड्यांना दोरा बांधलेला होता. दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, प्लॅस्टिकमध्ये. अक्षर ओळखीचं. एकशे बारा. एकशे तेरा. म्हातारी म्हणाली, ती तुमची अपर्णा. जुलैपासून येऊन राहिली, दिवस उगवायच्या आत, गुडघाभर चिखलात. लई गुणाचं लेकरू. म्या विचारलं तिला, गुरुजीला सांगू का हे मधलं, तर म्हणाली, नका सांगू आजी, त्यांना वाईट वाटंल, म्या सांगते कायतरी करून.

तिने सांगितलं होतं. सात तारखेला. अजून वीस-पंचवीस घ्या, म्हणाली होती.

मी तिथेच उभा राहिलो. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. सत्यभामाबाईंना त्या दिवशीचं काही बोलायला हवं होतं. तोंडाला आलं, पण त्या पानं सावरत पुढे निघाल्या होत्या.

बांधावर आलो तेव्हा फोन वाजत होता. अपर्णा. म्हणाली, सर, मी कालच रुजू झाले, दुसऱ्या सत्राचे तासिकेचे तास भरायचेत, विभागात कायम मी एकटीच, म्हणून यादी उद्या माझ्याच सहीने जाणार आहे. तुमचं नाव घालू ना? प्रॅक्टिकल तुम्हीच घ्या, तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही. मी म्हणालो, सध्या बऱ्याच ठिकाणी बोलणी चालू आहेत, विचार करून कळवतो.

ती म्हणाली, बरं सर. ठेवला.

पाय धुवायच्या आधी मीच फोन लावला. विचारलं, प्रॅक्टिकलला कोणकोणते वार आहेत?