आज दुपारच्या गाडीने

५ फेब्रुवारी

चि. धाकोबास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरंच ते. चार ओळी खरडायच्या आणि वर वेळ मिळत नाही म्हणून रडगाणं गायचं. हॉस्पिटलच्या लिफ्टा दुरुस्त करतोस ना रे? ती एक वर जाऊन खाली येईपर्यंत बहिणीला आणखी दोन ओळी लिहिता येत नाहीत? तुझ्या छकुलीने काढून पाठवलेला हत्ती मात्र मी भिंतीला चिकटवलाय. त्याला पाय पाच आहेत, पण अण्णा म्हणाले, असू दे, भक्कम उभा राहील.

गावातलं म्हणशील तर दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आलीय. वयाने पोरगीच, पण बोलायला अशी फटकळ की अण्णासुद्धा तिच्यापुढे चूप बसतात. शिंपीणबाईंची मांजर हरवली होती. दोन-तीन दिवस अण्णांनी ती बातमी थांब्यावरच्या फळ्यावर चढवली, सगळा गाव गवतात वाकून वाकून शोधत होता, आणि मांजर निघाली बाईंच्याच कपाटात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी गंभीर चेहऱ्याने लिहिलं, मांजर सापडली, आता शोधू नये. चहावाला हसून हसून बेजार.

हो, फळा अजून तेच लिहितात. ग्रामकार्यालयातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण सकाळ झाली की ओलं फडकं आणि खडूची डबी घेऊन निघालेच थांब्यावर. नळाला पाणी किती वाजता, बाळांना लस कधी, काय हरवलं, काय सापडलं, कोण गेलं. कालचं सगळं पुसायचं, शिळी बातमी ठेवायची नाही. आणि घरचं फळ्यावर आणायचं नाही, हा दुसरा नियम. माझा पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी दुसरी आलेल्या शिंपिणीच्या पोरीचं नाव लिहिलं होतं, ते मी अजून विसरले नाही! पायात अजून त्याच चपला, डाव्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. नवा जोड आणलाय तर तो खोक्यातच. तुटल्या तर घालीन म्हणतात. अजून काय तुटायचं राहिलंय, देव जाणे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. परवा अण्णा फळ्यापाशीच मटकन खाली बसले. चहावाल्याने आणि कंडक्टरने धरून घरी आणलं. डॉक्टरीणबाईने मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं की हृदय थकलंय, औषधांनी ढकलायचं तेवढं ढकलू, पण कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. अण्णा तुझं नाव काढत नाहीत. पण दुपारच्या गाडीचा आवाज आला की घास हातात तसाच राहतो. गाडी निघून गेली की मग जेवतात. मला हे रोज बघवत नाही रे.

ये एकदा. छकुलीला घेऊन ये, त्यांनी तिला अजून पाहिलेलंही नाही. तुझी माया आहेच, ती मागायला नको. तू स्वतः तेवढा ये.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांचं वाचलं. औषधांना काही कमी पडू देऊ नकोस, इथे मिळत असेल ते मी पाठवतो. छकुली रोज विचारते की हत्ती कुठल्या भिंतीवर लावला. पाचवा पाय म्हणजे सोंड आहे, असा तिचा निरोप आहे.

येण्याचं मात्र मला सांगू नकोस. दर पत्रात तू तेच विचारतेस आणि मी दर वेळी लिफ्टचं काम पुढे करतो. आज एकदाच खरं लिहितो, मग पुन्हा विचारू नकोस.

आई गेली त्या दिवशी तू दवाखान्यात तिच्यापाशी होतीस, म्हणून थांब्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. मला निरोप एवढाच होता की आई आजारी आहे, निघून ये. पिशवीत तिच्यासाठी निळा स्वेटर घेतला होता, दवाखान्यात थंडी वाजते म्हणून. गाडीतून उतरलो आणि सवयीने फळ्याकडे बघितलं. पहिली ओळ, नळाला पाणी सहा ते सात. दुसरी ओळ, थांब्यावर काळी छत्री सापडली आहे. तिसरी ओळ, आई. तिचं नाव, वय, आज सकाळी निधन, अंत्यविधी चार वाजता. अण्णांचं तेच सुंदर अक्षर, एक काना इकडचा तिकडे नाही. माझी पत्नी असंसुद्धा लिहिलं नव्हतं त्यांनी. माझ्या मागून उतरलेल्या कुणा प्रवाशाने ते मोठ्याने वाचलं, चक् चक् केलं आणि बाजूच्याला विचारलं की पाणी सहाला येतं म्हणजे सकाळी की संध्याकाळी.

मी घराकडे पळत सुटलो. बऱ्याच वेळाने अण्णा आले आणि मला म्हणाले, गाडी वेळेवर होती का. बस, एवढंच. ताई, मी त्यांचा मुलगा होतो. आई गेल्याचं मला छत्रीच्या खाली वाचावं लागलं. सगळ्या गावाला जसं सांगतात तसंच मला सांगितलं. त्यानंतर पुन्हा त्या थांब्यावर मी उतरलेलो नाही. रागाव, चार शिव्या दे, पण मला जमायचं नाही.

तुझ्यावर राग नाही, हे जाणून आहेसच. तब्येत सांभाळ.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकोबास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. हो, दाखवलं. तुला राग आला तर येऊ दे. इतकी वर्षं तुम्ही दोघं बापलेक ओठ शिवून बसलात आणि मी मधल्या मधे निरोप्यासारखी, औषध घेतलं, हत्ती पोचला, स्वेटर लागतो का, हेच करत राहिले. कंटाळले मी.

वाचून झालं तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, मी तिथेच होतो.

नीट ऐक आता. नळाचं आणि छत्रीचं त्यांनी त्या दिवशी भल्या सकाळी लिहून टाकलं होतं, रोजच्यासारखं. त्यानंतर दवाखान्यात आले आणि आई गेली. मला तिच्यापाशी बसवून ते जे उठले ते तडक थांब्यावर गेले, तुला गाठायला. मला तेव्हा त्यांचा संतापच आला होता, की असे कसे उठून गेले हे. ते येईल ती गाडी बघत होते. मनात घोकत होते म्हणे, की बाळा, आई गेली तुझी, एवढंच म्हणायचं आणि जवळ घ्यायचं. मग वळणावर तुझी गाडी दिसली आणि त्यांचं तोंडच उघडेना. खिशात खडू होता. हाताला दुसरी कुठली भाषाच येत नव्हती रे त्यांच्या, नाव, वय, वेळ, एवढीच येत होती. भराभर लिहिलं आणि फळ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. वाटलं, हा वाचेल, मला शोधेल आणि मागे येईल.

तू आला नाहीस. मी गावाला कुठे सांगत होतो, असं म्हणाले. गावाला केव्हाच कळलं होतं. ती ओळ एकट्या त्याच्यासाठी होती.

आणि हे सांगून माझा बाप लहान मुलासारखा रडला. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. शेवटी माझा हात धरून म्हणाले, माझं झालं की फळ्यावर लिहायचं नाही. त्याला तोंडाने सांग. तू सांग. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

डॉक्टरीणबाई आता दिवसातून दोनदा येऊन जाते. फळा मी लिहितेय, त्यांनी अंथरुणातून सांगायचं आणि माझ्या अक्षराला नावं ठेवायची. पुढचं तुझं तू ठरव. मी आता काही मागत नाही.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतोय. छकुली बरोबर आहे. साहेबांना सांगितलं, लिफ्टा बंद पडल्या तर लोकांनी जिने चढावेत.

ताई, मला ते पाय दिसले होते. तुझं पत्र वाचल्यापासून डोळ्यांपुढून हलत नाहीत. फळा दोन लाकडी पायांवर उभा, त्याच्या खाली मागच्या बाजूला कुणाचे तरी पाय दिसत होते. डाव्या चपलेला तार चकाकत होती. मला वाटलं, कुणीतरी सावलीला उभं आहे. आईच्या त्या ओळीपलीकडे मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पाय दिसले, आणि मी पळालो.

अण्णांना सांग, मी येतोय. सांग की या वेळी मागे येईन. त्यांना तेवढं कळेल.

तुझा धाकटा


३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो हे कळवून दोन आठवडे झाले, पण लिहायचं होतं ते राहिलंच. तिथे असताना बोललो नाही. मीही अण्णांचाच ना, तोंडाने कुठलं जमायला.

त्या शुक्रवारी मला काय दिसलं, ते तुला ठाऊक नाही. तू फळ्याच्या मागच्या बाजूला होतीस.

गाडीतून उतरलो तर थांब्यावर ही गर्दी, आणि कुणी माझ्याकडे बघेना. चहावाला पाठ करून उभा. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आलोय, लोक रागावले असतील. मग फळा बघितला. पाणी नाही, लस नाही, हरवलं-सापडलं नाही. सगळा पुसलेला आणि मधोमध एकच ओळ. आज दुपारच्या गाडीने माझा मुलगा आणि माझी नात येत आहेत. अक्षर अण्णांचंच, पण खाली खाली घसरत गेलेलं, आणि मुलगा लिहिताना खडू मोडलेला कळत होता. ताई, घरचं कधी फळ्यावर आणलं नाही त्यांनी. आईला माझी म्हटलं नाही. आणि मला म्हटलं.

छकुलीने एकेक अक्षर लावून ते मोठ्याने वाचलं आणि टाळ्या पिटल्या, बाबा, आपलीच बातमी! मी हसलो गं. खरंच हसलो. आणि खाली बघितलं तर फळ्यामागे दोन पाय, डाव्या चपलेला तांब्याची तार. माझ्या मनात आलं, म्हातारा अजून तिथेच उभा आहे. आजारी आहे आणि तरी मला घ्यायला येऊन लपलाय. मी पिशवी खाली ठेवली. छकुलीला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, कानात सांगितलं की आजोबा मागे आहेत, जाऊन भ्वॉक कर. ती चवड्यांवर चालत पुढे आणि मी तिच्या मागे.

तिने भ्वॉक केलं. आणि मग माझ्याकडे वळून बघितलं, कारण ते आजोबा नव्हते.

घाईत तू त्यांच्या चपला घालून आली होतीस, हे मला चहावाल्याने संध्याकाळी सांगितलं. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन अण्णा थांब्यापर्यंत आले, ती ओळ स्वतः लिहिली आणि सकाळी पुसू नका म्हणून सगळ्यांना बजावून गेले, हेही त्यानेच सांगितलं. शुक्रवारी उजाडल्यावर गाडीची वेळ विचारता विचारताच त्यांनी डोळे मिटले, हे तू सांगितलंस, पण फार नंतर. फळ्यामागे तेव्हा तू नुसती त्यांचं ओलं फडकं तोंडाशी धरून उभी होतीस. तोंडाने सांगीन असं त्यांना कबूल केलं होतंस, आणि तुला सांगता आलं नाही, म्हणून तू अजून मनाला लावून घेतेस. नको घेऊस. तू बोलली असतीस तर मला नुसतं कळलं असतं. तू तिथे उभी होतीस म्हणून मला अण्णा समजले. फळ्याच्या पुढून मागे यायला असा किती वेळ लागतो, ताई? तेवढं मला आई गेली त्या दिवशी सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा ते नव्हते.

तू लिहितेस की फळा अजून तसाच आहे, ती ओळ पुसायला कुणाचा हात धजत नाही, नळाची वेळ लोक एकमेकांना विचारतात. अगं, असं कसं चालेल? लोकांना पाणी भरायचं असतं. उद्या सकाळी त्यांचं फडकं ओलं कर आणि तूच ती पूस. अण्णांचा नियम आहे. गाडी आली, मुलगा आला. शिळी झाली ती बातमी.

आता तूच मला माहेर आणि तूच घर. रागावलीस तरी लिहीत राहा. उन्हाळ्यात आम्ही येतो, दुपारच्याच गाडीने.

तुझा
धाकटा