डाव्या दाढेतली तार

सोमवार, ३ मार्च
मनोरुग्णांच्या वॉर्डात दाखल. लेकीने आणलं. तिच्या मते मला आराम हवा. माझ्या मते पुरावा हवा. डाव्या दाढेपासून टाळूपर्यंत तार आहे. बावीस गेज. तीस वर्षं वायरिंग केलं, तार मला कळते. डेंटिस्टने दाढ उपटली, तरी त्याला दिसली नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसेल. मग थेट माझ्या घरी. फार तर शनिवार.

मंगळवार, ४ मार्च
शेजारच्या कॉटवर रिटायर्ड पोस्टमन. त्याच्या पोटात मुंग्या चालतात म्हणे. शुद्ध भ्रम. शांतपणे समजावलं. तो म्हणाला, काका, तुमच्या तारेवरूनच उतरत असतील. उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तार कधीपासून? म्हटलं, आमची ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्यांनी लगेच लिहून घेतलं. उगाच. योगायोग आहे.

बुधवार, ५ मार्च, सकाळी १०
स्कॅनचा फॉर्म. शरीरात धातू आहे का? लिहिलं: होय, तोंडात तार.
१०.२० टेक्निशियनने दारातूनच परत पाठवलं. आत चुंबक आहे, धातू चालत नाही. म्हटलं, अहो, तीच तर बघायचीय. तो म्हणाला, मग ती नाही असं लिहून द्या, आजोबा.
दुपारी एक्स-रे काढला. म्हणे, धातू नाही. एक्स-रे जुनं तंत्र.

गुरुवार, ६ मार्च
लिहून दिलं, तार नाही. पुराव्यासाठी एवढं खोटं चालतं.
मशीनच्या बोगद्यात अर्धा तास. नाकापुढे चार बोटं जागा. जीभही हलवायची नाही. हीसुद्धा अशाच मशीनमधून बाहेर आली होती. म्हणाली, आत फार भीती वाटली हो. मी म्हणालो होतो, त्यात काय एवढं.

शुक्रवार, १४ मार्च
रिपोर्ट. मेंदू वयाला साजेसा. तार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तार नसली तरी तुम्हाला जाणवते हे खरं आहे. म्हणजे निम्मं मान्य केलं. गोळ्या घेणार, पण त्यांचं मन राखायला.

बुधवार, २ एप्रिल
सकाळपासून चारदा जीभ फिरवली. मऊ हिरडी, खड्डा. बाकी काही नाही.
लेक हसतच आली. म्हणाली, बाबा, डिस्चार्ज! घर झाडून घेतलंय. आईची कॉट काढली, आता खोली केवढी मोठी वाटते. तोवर पोस्टमनने माझी बॅगही भरून दिली.
मी तिला म्हणालो, तार उजवीकडे सरकलीय.
बॅग परत उपसली.