धरणापलीकडचा माणूस

९ जानेवारी २०२५, गुरुवार

चक्रवाकाची जोडी मिळाली! धरणाच्या अलीकडच्या काठावर, बाभळीखाली कॅमेऱ्याची तिपाई लावून तासभर बसलो तेव्हा कुठे. दोघं एकदमच उडाले. पंखाचं पांढरं, पाण्याचे थेंब, सगळं आलं.

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहत बसलो. पाखरं बाजूला राहिली. मागे पलीकडच्या काठावर मासेमारीवाल्यांची पालं आहेत, तिथे एक माणूस उभा आहे. एका पायावर. दुसऱ्या पायाचं पाऊल गुडघ्याला टेकवून.

आमचा दीपक असाच उभा राहायचा. लग्नात कॅमेरा गळ्यात अडकवून तासन् तास असा. लोक हसायचे.

वैशाखात तीन वर्षं होतील त्याला घर सोडून. पोलिसात तक्रार दिली, फोन बंद, कुणाला पत्ता नाही. सख्खा धाकटा भाऊ.

जयमालाला अजून काही बोललो नाही. बायको आहे, चेहऱ्यावरून ओळखेलच.

१० जानेवारी

आज परत गेलो. तो परत होता. त्याच जागी, जाळ्याच्या ढिगाजवळ. अंतर सातशे मीटर तरी असेल. माझी सहाशे मिलिमीटरची लेन्स पुरत नाही. क्रॉप केला की चेहरा म्हणजे उण्यापुऱ्या पन्नास ठिपक्यांचा चौकोन. डोळे म्हणून दोन काळे डाग. दीपक म्हटलं तर दीपक, नाही म्हटलं तर कोणीही.

१२ जानेवारी, रविवार

खामगावला कुलदीपकडे गेलो. त्याचाही स्टुडिओ, त्यालाही पाखरांचं वेड. टेलिकन्व्हर्टर मागितला, लेन्सला जोडून लांबचं जवळ आणणारी काच. दोन्ही आहेत त्याच्याकडे, एक पूर्णांक चार पटीचा आणि दोन पटीचा.

तो नेहमीच्या तावात. "कायले पाह्यजे तुले? लेन्स अन् कॅमेऱ्याच्या मधात काच घुसवली का उजेड खाते, फोकस मरते, धार जाते. त्यापक्षा क्रॉप कर अन् मोकळा हो बे. डबल करून ठिपके वाढते, खरं काय वाढते?"

मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आज माझ्याच्यानं होय म्हणवेना. क्रॉप म्हणजे कॅमेऱ्यानं जेवढं पाहिलं तेवढंच ओढून ताणायचं. त्या पन्नास ठिपक्यांत माझा भाऊ नसेल तर हजार वेळा मोठा करून तो येणार नाही. काचेनं निदान पाहायच्या आधी तरी जवळ आणता येतं.

पाखरू कोणतं, हे त्याला सांगितलं नाही. चहा पाजून दोन्ही दिले त्यानं. भला माणूस आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी सहाला काठावर. लहान कन्व्हर्टर लावला. त्या वेळी उजेडच नाही, फोटोत नुसते दाणे. आठला उजेड आला तर पाण्यावरची हवा हलायला लागली. पलीकडचा काठ थरथरतो, माणूस थरथरतो. उजेड आहे तेव्हा हवा नीट नाही, हवा नीट आहे तेव्हा उजेड नाही.

घरी आल्यावर जयमालानं विचारलंच. सांगितलं. तिळगुळाचं ताट तिच्या हातात तसंच राहिलं. मग म्हणाली, "अहो, मंग गाडी काढा अन् जा ना तिकडं. धरणाच्या भितीवरून वळसा घालून बारा किलोमीटर हाय. बारा किलोमीटरसाठी एवढ्या काचा कायले लावता?"

म्हणालो, खात्री नको का? मागच्या वर्षी कोणीतरी दीपकला शेगावात पाहिलं म्हणून सांगितलं. मायला घेऊन गेलो. भलताच पोरगा निघाला. माय तीन दिवस जेवली नव्हती. ते परत नको.

जयमालानं ताट खाली ठेवलं. हे कारण खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही.

१६ जानेवारी

तेरवीच्या फोटोचं काम आलं. दोन भाऊ, बाप वारलेला. बापाचा वेगळा फोटो नाही. कधीच नसतो. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत, अर्धा टोपीखाली. हे काम मी हजारदा केलंय. चेहरा काढायचा, मोठा करायचा, कॉम्प्युटरमधला कोट चढवायचा, मागे निळा रंग. आज एक डोळा पार फुटला होता, तर दुसराच उलटा करून बसवला.

मोठा भाऊ पाहून रडला. म्हणाला, "हुबेहूब बाबा!"

हुबेहूब कुठले. अर्धा बाबा मीच केला होता. माणसाला जो पाहायचा असतो तो दिसतो. म्हणून माझ्या त्या पन्नास ठिपक्यांवर माझा भरवसा नाही.

१९ जानेवारी, रविवार

मायनं फोटो पाहिला! क्रॉपची प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, माय चष्मा शोधायला गेली नि तिच्या हातात आली. प्रिंट घेऊन ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. त्या डागावरून बोट फिरवत राहिली.

"हा माहा दीपकच हाय."

म्हटलं, माय, यात काही दिसत नाही.

"तुले नसन दिसत. मले माहा पोरगा वळखाले काच लागते काय? चाल, घेऊन चाल मले."

तिचे गुडघे असे, की मोटारसायकलवर बसवणं म्हणजे दोन माणसांचं काम. पण त्यासाठी नाही थांबवली मी तिला. म्हटलं, साफ फोटो येऊ दे, मग लगेच जाऊ, शेगावचं आठव. शेगाव म्हटल्यावर ती खचली. मान हलवली. म्हणाली, "बरं. लवकर काढ."

मी शेगावचा धाक घालून स्वतःच्या आईला गप्प बसवलं.

२१ जानेवारी

दोनाचा कन्व्हर्टर. फोकस मेला. हातानं लावला. धुकं. काही नाही.

२२ जानेवारी

काही नाही. तो मात्र रोज येतो. मी तिपाई उघडेपर्यंत तो येऊन उभा.

२३ जानेवारी

हे एकदा लिहून टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही, जयमालालाही नाही.

साखरखेर्ड्याचं लग्न. माझ्याजवळ एक कॅमेरा, दीपकजवळ एक. मंगलाष्टकं, मंगळसूत्र, हार, सगळं दीपकनं काढलं, मेमरी कार्ड माझ्या डबीत आणून ठेवलं. पंगती उठल्यावर पाहतो तर कार्ड कोरं. नवरदेवाचा मामा अंगावर आला, वऱ्हाड गोळा झालं, शिव्या. माझं डोकं फिरलं. भर मांडवात दीपकच्या तोंडात मारली. एक नाही, दोन. बँडवाले पाहत होते. म्हणालो, नीघ इथून, मले तोंड दाखवू नको.

तो एवढंच म्हणाला, "दादा, कार्ड म्या नाही पुसलं."

त्या दिवसापासून तो घरी आला नाही.

आठ दिवसांनी डबी आवरताना हळदीचं कार्ड निघालं. भरलेलं. हळदीचे फोटो लॅपटॉपवर घेऊन झाले होते, म्हणून ते कार्ड रिकामं करायचं होतं. पंगतीला बसायच्या घाईत मी ते समजून दुसरंच पुसलं. माझ्या हातानं. मंगलाष्टकांचं.

तेव्हाच मांडवातल्या एकेका माणसाला जाऊन सांगायला हवं होतं. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. माय आजही म्हणते, दीपकच्या हातून चूक झाली, पण लेकरू होतं. मी ऐकून घेतो.

पलीकडे तो नसला तर माय मोडेल. तो असला तर मला त्याच्यासमोर उभं राहावं लागेल. म्हणून मी रोज काच बदलतो. मला माझी लाज वाटते.

२८ जानेवारी, मंगळवार

आभाळ आलं होतं. ऊन नाही, वारा नाही, हवा एकदम थांबलेली. दोनाचा कन्व्हर्टर लावला, तिपाईला दगड बांधला, स्क्रीनवर मोठं करून हातानं फोकस केला आणि बटणाला हात न लावता टायमरवर सोडलं. चाळीस फोटो. त्यातले तीन साफ.

दीपक आहे.

दाढी आलीय. गालफडं बसलीत. कानाजवळ केस पिकलेत, तेहतिसाव्या वर्षी! भुवईवरचा लहानपणीचा वण दिसतो. क्रॉपमध्ये हा वण जन्मात आला नसता. कुलदीपला सांगायला हवं, काच खोटं बोलत नाही म्हणून.

तिन्ही फोटोंत तो सरळ कॅमेऱ्याकडे पाहतोय. पाण्याकडे पाहत असणार. तिकडून मी काय दिसणार, एक ठिपका.

बाभळीखाली बसून रडलो. बऱ्याच वर्षांनी. मग तिपाई आवरली आणि घरी आलो. घरीच आलो! गाडी वळवली नाही.

२९ जानेवारी

आज उद्या दोन दिवस मोताळ्याचं लग्न. आधीच घेतलेलं काम, सोडता येत नाही.

येतं. कुलदीपला एक फोन केला असता तर तो गेला असता. लिहायला काय जातं.

३१ जानेवारी

जयमालाला साफ फोटो दाखवला. तिनं फोटो पाहिला, खालची तारीख पाहिली.

"मंगळवारचा हाय. आज शुक्रवार हाय."

एवढंच बोलली. आत जाऊन भाकरी थापत बसली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो आणि कार्डाचं सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे त्याले सांगा. मले सांगून काय होते."

१ फेब्रुवारी, शनिवार

मायला फोटो दिला. तिनं छातीशी धरला आणि पहिलं काय विचारलं, तर तो जेवतो की नाही, एवढा कसा वाळला.

उद्या जातो. आधी एकटा. काय बोलायचं ते दिवसभर मनात जुळवतोय. दीपक, कार्ड मीच पुसलं होतं. याच्यापुढे एक शब्द सुचत नाही. याच्यापुढे लागतही नसेल. त्यानं मारलं तर मार खाईन. मांडव जमवून मारलं तरी चालेल.

मायनं तांदळाचे पापड काढून ठेवलेत. त्याला आवडतात.

२ फेब्रुवारी, रविवार

पलीकडच्या काठावर गेलो, तर त्या जागचं पाल नव्हतं. चूल थंड. जाळी आवरणारा एक म्हातारा होता, कारभारी नावाचा. म्हटलं, दीपक कुठाय?

"थो परवा गेला. कुठं, सांगून नाही गेला." मग माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. "तुमी थेच काय, पल्याडचे? पंधरा-वीस दिस रोज पाहाटी तुमची गाडी आली का थो हातातलं काम टाकून इथं येऊन उभा राहे. म्हने, माहा भाऊ हाय. तिपाई उघडायच्या तऱ्हेवरून वळखलं म्या. मले पाह्यलं त्यानं, आज थो इकडं येईन. रोज म्हने, आज येईन."

तो उभा राहायचा तिथे जाऊन उभा राहिलो. पलीकडची बाभूळ, तिच्याखालचा माझा दगड, गाडी लावायची जागा, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं.