ठमीचा टॅब आणि माझी पंधरा दिवसांची मुदत

३ जून, सकाळी ८
ठमी साडेचार वर्षांची झाली, अजून तोंडातून शब्द नाही. काल थेरपिस्ट बाईंनी टॅब दिला. चित्रावर बोट ठेवलं की टॅब शब्द बोलतो. बाई म्हणाल्या, घाई करू नका. आधी तुम्ही बोलताना चित्रं दाबा, ती बघून शिकेल. सहा महिनेही लागतील. सहा महिने! वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी. बटण दाबलं की लिफ्ट आलीच पाहिजे. माझी मुदत पंधरा दिवस.

५ जून
बाईंनी बाराच चित्रं ठेवली होती. कद्रूपणा! रजा टाकून एकशे चाळीस केली. ‘धन्यवाद’, ‘क्षमस्व’, ‘आदरणीय वडील’, सगळं. ठमीने टॅब पालथा घातला आणि त्यावर बसली. बायको हसली. घरात शिस्त म्हणून नाही.

८ जून
ठमीला एकच चित्र आवडतं, ‘नको’. दूध? नको. आंघोळ? नको. मी नुसता समोर आलो, तरी नको. अरे, मी काही विचारलंही नव्हतं! टाळकंच फिरलं. ‘नको’ काढून टाकलं. वाईट सवय मुळातच खुडावी.

९ जून
ठमी चावली. उजव्या दंडाला.

१० जून
डाव्या.

१२ जून, दुपारी
बाईंशी कडाक्याचं भांडण. म्हणे, पोरीकडे नाही म्हणायला एक चित्र होतं, तेही तुम्ही काढून घेतलंत. मग ती दातांनीच सांगणार. मी म्हणालो, मला अक्कल शिकवू नका. आवाज किंचित चढला असेल. बाहेर बसलेल्या तीन आया दारातून डोकावल्या, एवढंच. बायकोने तिथेच ‘नको’ परत बसवलं. माझी बायको, आणि त्यांच्या बाजूने!
बाईंनी कागदावर लिहून दिलं: मुलीचं उत्तम चाललंय. वडिलांनी रोज थोडा वेळ गप्प बसून तिच्याकडे बघावं. गप्प? मी?

१५ जून
बसलो गप्प. मधे फक्त चार सूचना दिल्या. सूचना म्हणजे काही बोलणं नव्हे.

१८ जून, संध्याकाळी ६
मुदतीचा शेवटचा दिवस, आणि ठमीने लागोपाठ दोन चित्रं दाबली! ‘बाबा.’ ‘बाहेर.’ आयुष्यातलं पहिलं वाक्य! माझे डोळेच भरले. बायकोला ओरडून सांगितलं, बघ, मला फिरायला ने म्हणतेय. पटकन बूट चढवले. तिचे शोधायला वाकलो, तोच पाठीवर दोन इवलेसे तळवे. ढकलत ढकलत उंबऱ्यापलीकडे. दार बंद. वर कडी.

६.१०
जिन्यातून फोनवर लिहितोय, वही आत राहिली. वाक्यात चूक नव्हती. क्रियापद तेवढं तिने हाताने पूर्ण केलं.
दार ठोठावलं. बायको आतून म्हणाली, पोरगी पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोललीये, मी कशी तिचा शब्द मोडू?
चिडून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंचा कागद आठवला, मिटलं. बूट काढून पायरीवर बसलोय.